मिठोबास तपासणीची नोटीस

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
६ मार्च २००६

माननीय श्री. दिनानाथ खांबेटे साहेब,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही "जे काय असेल ते लेखी कळवा" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात, म्हणून हे लेखी. मी यशोधरा भालेराव. तुमच्या हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्याच्या गाळ्यात टायपिंगचं ऑफिस चालवते, तुमची भाडेकरू. ओळख मुद्दाम देतेय, कारण फोनवर तुम्ही दोनदा "कोण यशोधरा?" असं विचारलंत.

साहेब, ऑफिसातल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात. कपाटाला येतात, कॉम्प्युटरच्या डब्याला येतात, काल तर खिडकीच्या गजालासुद्धा आल्या. आम्ही चौघीजणी दिवसभर रबरी सपाता घालून बसतो. पोस्टमन आला की आधी त्याच्या पायांकडे बघतो. आमची हिमानी कपाट लाकडी पट्टीनं उघडते. तिला आता त्याची इतकी सवय झालीय की घरचा फ्रिजही ती पट्टीनंच उघडते, असं तिची आई परवा रडकुंडीला येऊन सांगत होती.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचं मोठं काम चालून आलंय. त्यांचे सगळे जुने कागद कॉम्प्युटरवर चढवायचे, आम्हाला दोन वर्षं पुरेल एवढं. त्यांची अट एकच. ऑफिसची वीज तपासून घेतल्याचा लायसन्सवाल्याचा दाखला १५ मेपर्यंत हवा. नाही दिला तर काम उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या पार्टीकडे. आणि हे काम गेलं तर मला ऑफिसला टाळं लावावं लागेल. खरं तेच सांगते.

जागा तुमची, वायरिंग तुमचं. तेव्हा तपासणी करून दाखला द्यावा ही विनंती.

आपली,
यशोधरा भालेराव


अंबरनाथ (पूर्व)
१० मार्च २००६

श्रीमती यशोधराबाई भालेराव यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. मुद्देसूद नाही, पण मिळाले.

करारनाम्याचे कलम अकरा आपण वाचलेले दिसत नाही. भिंतीच्या आतले वायरिंग मालकाचे, भिंतीबाहेर जोडलेली यंत्रे भाडेकरूची, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. कपाट भिंतीबाहेर आहे. कॉम्प्युटर भिंतीबाहेर आहे. खिडकीचा गज भिंतीत आहे हे मान्य, पण तो यंत्र नाही. सबब झिणझिण्या आपल्या आहेत.

मी कारखान्यात मेंटेनन्स ऑफिसर होतो. विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. आपल्या अंगणात नळाशेजारी अर्थिंगचा खड्डा आहे, तो मी स्वतः उन्हात उभा राहून खणून घेतला. आत कोळसा, जाडे मीठ आणि मधोमध लोखंडी पाइप. ऑफिसात कुठे वीज गळलीच तर ती त्या पाइपातून जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. मात्र जमीन ओली असली पाहिजे. आपण इतक्या महिन्यांत त्या खड्ड्यास एक थेंब पाणी घातले आहे काय? नसणारच.

खड्डा मालकाचा, पाणी भाडेकरूचे. रोज सकाळी एक तांब्या पाणी आणि आठवड्यास मूठभर जाडे मीठ घालावे. मग कळवावे.

कळावे,
दिनानाथ खांबेटे


२१ मार्च २००६

खांबेटे साहेब,
सप्रेम जयभीम.

मानलं तुम्हाला! झिणझिण्या गेल्या.

आमच्याकडे झाडलोट आणि चहा करायला सगुणाबाई येतात, चामटोलीच्या. त्यांना सांगितलं, रोज सकाळी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी घाला. त्यांनी "कशापायी?" विचारलं. मी विजेचं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कलला." काय कळलं ते मी विचारायला हवं होतं. पण रोज अंघोळ करून येतात, चपला काढतात, पाणी घालतात, मीठ टाकतात, एक दिवस खाडा नाही. आता कपाट हातानं उघडतो. हिमानीची पट्टी मी कपाटाच्या मागे टाकून दिली.

पण साहेब, दाखल्याचं काय? झिणझिण्या गेल्या हे कंपनीला माझ्या तोंडी सांगण्यावर चालणार नाही. मधला मार्ग काढू. भिंतीतलं तुम्ही तपासून घ्या, भिंतीबाहेरचं मी घेते.

आपली,
यशोधरा


२६ मार्च २००६

यशोधराबाई यांस,
स. न. वि. वि.

मी सांगितले होते. मी सांगितले होते हे आपण लेखी मान्य केलेत, याबद्दल आभार. पत्र फाइलला लावले आहे.

मधला मार्ग मान्य. पाडवा झाला की महिपती नावाचा लायसन्सवाला माणूस मशीन घेऊन येईल. खड्ड्याचे झाकण उघडून पाइपास तारा जोडेल, मग आतले वायरिंग तपासेल. तो माझ्या हाताखाली तयार झाला आहे.

रोजच्या पाण्याने झाकण व पाइपाचे टोक गंजेल. सोबत रेड ऑक्साइडचा डबा पाठवत आहे, माझ्या गेटचे उरलेले आहे. दोन हात द्यावेत. गंजणारी वस्तू मालकाची असली तरी गंजवणारे पाणी आपले आहे, तेव्हा रंगवण्याचे काम भाडेकरूकडे.

कळावे,
दिनानाथ खांबेटे


१८ एप्रिल २००६

खांबेटे साहेब,

कशी सुरुवात करू कळत नाही. तुमच्या खड्ड्याचा देव झालाय.

आधी शांतपणे वाचा. सगुणाबाईंनी तुमचा रंग मन लावून दिला. झाकणाला दिला, पाइपाला दिला, बाजूच्या दोन दगडांनाही दिला. रेड ऑक्साइड लांबून कसं दिसतं तुम्हाला ठाऊक आहे. शेंदरासारखं. त्यात एक बाई रोज अनवाणी येऊन पाणी घालते आणि मीठ वाहते, हे सगळी गल्ली बघतेय. दुसऱ्याच आठवड्यात झाकणावर एक जास्वंद आलं. मी उचलून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी नारळ आला.

समोरच्या भागीरथीबाईंच्या मानेवर जुनी चामखीळ होती. त्या मिठाचा नवस बोलल्या आणि ती गळून पडली. झालं! तेव्हापासून त्याचं नाव मिठोबा. कात्रपहून लोक येतात, काल एक रिक्षा थेट जांभूळहून आली. मिठाच्या पुड्यांचा ढीग लागलाय. आणि तो जागृत आहे म्हणतात, कारण ओल्या हातानं पाइपाला हात लावला की अंगात झिणझिण्या येतात.

साहेब, या आमच्याच झिणझिण्या आहेत हो! ऑफिसातून बाहेर गेल्या आणि अंगणात जाऊन देव झाल्या.

तुमचा महिपती आला होता. गर्दी बघितली, मशीन खाली ठेवलं, चपला काढल्या, हात जोडले. मी म्हटलं, "अहो, झाकण उघडा." तर म्हणे, "मॅडम, आज मंगळवार आहे." बुधवारी त्याला ताप आला.

शुक्रवारी जयंतीला माझे बाबा, किसन भालेराव, पांढरेशुभ्र कपडे घालून मला मिरवणुकीला न्यायला आले. उभ्या आयुष्यात देवापुढे मान वाकवली नाही त्यांनी. आणि त्यांच्या पोरीच्या ऑफिसच्या दारात हार, अगरबत्ती, उदो उदो. बाबा आल्या पावली मागे फिरले. तेव्हापासून घरी जेवताना ते पेपर खाली करतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा पेपर वर करतात. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

काहीतरी करा.
यशोधरा


२२ एप्रिल २००६

यशोधराबाई यांस,

पत्र वाचून रक्तदाब वाढला. सौ. वृंदाने गोळी दिली. मग पुन्हा वाचले आणि तिने दुसरी दिली.

कलम चौदा: भाडेकरूने जागेत कोणतेही धार्मिक स्थळ उभारू नये. आपण उभारले आहे. तो माझा अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात कोळसा आहे! देव ताबडतोब हटवावा. महिपतीस मी खडसावले आहे, परंतु त्याचा ताप उतरत नाही.

दिनानाथ खांबेटे


२७ एप्रिल २००६

खांबेटे साहेब,

मी उभारला? खड्डा तुमचा. आतलं मीठ तुमचं. रंग तुमच्या गेटचा. माझं फक्त पाणी, आणि तेही तुम्ही लेखी सांगितलंत म्हणून. हिशेबानं बघितलं तर देव पाऊण तुमचा आहे.

पण आज भांडायला लिहीत नाही. आज सकाळी भागीरथीबाईंनी आंघोळ करून ओलेत्यानंच पाइपाला मिठी मारली आणि चारी मुंड्या चीत पडल्या. शुद्धीवर आल्या, हसल्या, म्हणाल्या, "ढकललं गं मला देवानं, लाडानं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत रांग लागली, लहान लहान पोरं घेऊन बाया उभ्या.

मी आत गेले आणि मेन स्विच बंद केला.

कॉम्प्युटर बंद, पंखे बंद, हातातली होती ती कामंही बंद. चौघी नुसत्या वारा घालत बसलोय. दाखला गेला, तर गेला. कंपनीचं काम गेलं, तर गेलं. उद्या त्या पाइपाला कुणाचं लेकरू चिकटलं तर मी कुठल्या कलमात तोंड लपवू? मला खूप भीती वाटतेय, काका.

यशोधरा


२९ एप्रिल २००६

चि. यशोधरास,

मेन बंद केलास ते उत्तम केलेस. मी सांगेपर्यंत चालू करू नकोस. पाइपाचा इतका झटका बसतो म्हणजे भिंतीत वीज जोरात गळते आहे. पाण्याने फक्त ती ऑफिसातून खड्ड्याकडे वळवली. तुझ्या पहिल्याच पत्राला हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मी कलम काढून बसलो.

सोमवारी येतो. लोकांना समजावतो. मला समजावता येते.

दिनानाथ खांबेटे


३ मे २००६

दिनानाथकाका,
जयभीम.

तब्येत कशी आहे? वृंदाकाकूंनी फोनवर मला पुष्कळ ऐकवलं. बरोबरच आहे त्यांचं.

तुम्ही स्टुलावर उभं राहून मेन चालू केलात, दिवा पेटवून दाखवलात, बंद केलात, विझवून दाखवलात. मला पटलं. "हा देव नाही, गळकी वीज आहे!" असं तुम्ही ओरडलात तेव्हा मला अभिमानसुद्धा वाटला. तुम्ही रिक्षात बसून गेल्यावर काय झालं ते सांगते. लोकांना एवढंच कळलं की मिठोबाला लाइट लागते, आणि ती मी तोडलीय. संध्याकाळी शिष्टमंडळ आलं. "देवाची लाइट का बंद केली?" लाइटबिलाची वर्गणी काढायला तयार आहेत. बाबा नेमके तेव्हाच आले होते. परत गेले.

मी रात्रभर विचार केला. पूजाबिजा मी करणार नाही, खोटंही बोलणार नाही. आणि झाकण जबरदस्तीनं उघडलं तर मला इथं ऑफिस चालवता यायचं नाही. दाखल्याला आता थोडेच दिवस राहिलेत.

सकाळी भागीरथीबाईंना हात जोडले. म्हटलं, "आजी, एकदा उघडू द्या, उपकार होतील." त्या म्हणाल्या, "उघडायला आमचं ना नाही गं. पण तो तुझा मालक कसा आला? ना सांगणं, ना पुसणं, घुसला आणि ओरडायला लागला. आम्ही पण भाड्यानंच राहतो. मालकाला तपासणीला यायचं तर आधी नोटीस देतात. देव झाला म्हणून काय झालं, राहतोय ना तो तिथं?"

आणि मागच्या सगळ्या बाया माना हलवत होत्या, काका. गल्लीत एक जण घरमालक नाही.

मी काय म्हणतेय ते तुमच्या लक्षात आलं असेल. मला हे लिहितानाही लाज वाटतेय.

यशोधरा


अंबरनाथ (पूर्व)
८ मे २००६

प्रति,
श्री. मिठोबा,
मु. अर्थिंगचा खड्डा, नळाशेजारी,
हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)

विषय: विद्युत तपासणीसाठी जागेत प्रवेश करण्याबाबत.

महोदय,

आपण वरील जागेत विनाकरार व विनाअनामत राहत आहात. त्याबद्दल तूर्त माझी तक्रार नाही. परंतु मालक या नात्याने जागेची वीज तपासून घेणे हे माझे कर्तव्य असून, त्या कामी मालकाच्या माणसास आत येऊ देणे हे राहणाऱ्याचे कर्तव्य आहे. हा नियम लहानथोर सर्वांस सारखाच लागू आहे.

सबब, शुक्रवार दिनांक १२ मे रोजी सकाळी दहा वाजता माझे प्रतिनिधी श्री. महिपती आपले झाकण उघडतील. काम होताच झाकण होते तसे लावून देण्यात येईल. आपण व आपल्याकडे येणाऱ्या मंडळींनी त्या वेळेत दूर उभे राहून सहकार्य करावे. मागील खेपेस मी पूर्वसूचनेशिवाय आलो व आवाज चढवला, त्याबद्दल दिलगीर आहे.

आपला,
दिनानाथ खांबेटे
(घरमालक)

प्रत माहितीसाठी: १) श्रीमती भागीरथीबाई २) कु. यशोधरा भालेराव

(यशोधरा, ही प्रत झाकणावर चिकटव. हे मी लिहिले आहे असे कारखान्यातल्या कोणालाही कळता कामा नये. दि.)


१६ मे २००६

दिनानाथकाका,
जयभीम, जयभीम, जयभीम!

नोटीस चिकटवली आणि सगळी गल्ली गोळा झाली. भागीरथीबाईंनी ती हिमानीकडून तीनदा वाचून घेतली. "दिलगीर" शब्दावर त्यांचे डोळे पाणावले. म्हणाल्या, "आमच्या मालकानं सात जन्मात असं लिहिलं नसतं. माणूस चांगला आहे." मग त्यांनीच शुक्रवारी सकाळी रांगेला दोरी बांधली आणि दहाच्या ठोक्याला ओरडल्या, "व्हा मागं, देवाची तपासणी आहे!"

महिपतीचा तापही नोटीस बघून उतरला. लेखी परवानगी असल्यावर माझ्याकडून पाप होत नाही, म्हणाला. झाकण उघडलं. आत मिठाचा नुसता डोंगर. त्यानं मशीन लावलं आणि बघतच राहिला. एवढं झकास अर्थिंग त्यानं मोठमोठ्या कारखान्यांत पाहिलं नव्हतं म्हणे. आधी सगुणाबाईंनी, मग गावोगावच्या लोकांनी, मिळून दोन महिने पाणी घातलंय, होणारच.

मग भिंती तपासल्या. सापडलं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याचा खिळा थेट आतल्या तारेत आणि तिथून, तार ज्यातून जाते त्या भिंतीतल्या लोखंडी पाइपात. घड्याळ मी लावलंय. तार तुमची, खिळा माझा. आता काढा कलम!

खिळा काढला, तार बदलली, मेन चालू केला. भागीरथीबाई पुढे आल्या, मी ओरडेपर्यंत त्यांनी पाइपाला हात लावलासुद्धा. काही नाही. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "शांत झाला. नोटीस लागू पडली." लोक घरी गेले. चामखीळवाले अजून येतात, पण लांबूनच मीठ टाकतात आणि जातात.

आता खरी गंमत. दाखल्यात एक रकाना असतो, "विद्युत सुरक्षेस जबाबदार व्यक्ती". महिपतीनं मला विचारलं, मी म्हटलं मालकांना विचारा. त्यानं तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात म्हणे, "कलम अकरा बघ." तो बिचारा दोघांमध्ये अडकला. काल मी दाखला न वाचताच कंपनीत घेऊन गेले, शेवटचा दिवस ना. साहेबांसमोर ठेवला आणि मला तेव्हा दिसलं. रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "श्री. मिठोबा".

धरणी दुभंगावी असं झालं. साहेब चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागले. मी म्हटलं, "सर, चूक झालीय, मी समजावून सांगते." ते म्हणाले, "थांबा. आमच्याकडे सगळ्या ऑफिसांचे दाखले आले. प्रत्येकाचा हा रकाना रिकामा. मालक म्हणतो भाडेकरू, भाडेकरू म्हणतो मालक. जबाबदारी घ्यायला कुणीतरी तयार झालेला हा पहिलाच दाखला आहे." आणि सही केली.

काम मिळालं, काका! चौघी ऑफिसात येड्यासारख्या नाचलो. घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि खूप दिवसांनी माझ्याशी बोलले. एकच विचारलं, "तुम्ही दोघं जिवंत माणसं असताना त्या दगडाचं नाव का लागलं?"

तुम्हीच सांगा, काका, त्यांना काय उत्तर देऊ?

तुमची,
यशोधरा


१९ मे २००६

चि. यशोधरास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. किसनरावांना माझा नमस्कार सांग.

उद्या सकाळी मी व महिपती नवा दाखला करून द्यायला येतो. त्या रकान्यात दोन नावे मावतात का ते बघून ठेव. माझे वर लिही, मी वयाने मोठा आहे. मिठोबाला मोकळा करू.

तुझा,
दिनानाथकाका